कबुली ऐकण्याचा अधिकार

बडोद्याच्या दांडिया बाजारातून विश्वामित्रीवरील पूल ओलांडला की आपण अकोट्यात येतो. आज अकोटा हा त्या शहराचा एक भाग आहे; परंतु एके काळी हे नाते उलटे होते. राष्ट्रकूट कर्कराजाच्या इ. स. ८१२ च्या ताम्रपटात अंकोट्टक हे मुख्य ठाणे असून वटपद्रक, म्हणजे आजचे बडोदे, हे त्याच्या चौऱ्यांशी गावांपैकी एक गाव आहे. याच अकोट्याच्या मातीतून १९५१ साली जैन धातुमूर्तींचा मोठा साठा बाहेर आला. डॉ. उमाकांत शहा यांनी त्या मूर्तींचा अभ्यास करून १९५९ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाचव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंतच्या या मूर्तींपैकी काहींवर त्या अर्पण करणाऱ्या श्राविकांची नावे कोरलेली आहेत.

ज्या समाजाने या मूर्ती घडविल्या, तो समाज तेव्हापासून आजवर एक आचार पाळीत आला आहे. त्यास प्रतिक्रमण म्हणतात. दिवसात, पक्षात, वर्षात आपल्या हातून जे दोष घडले त्यांच्याकडे मागे वळून पाहावयाचे, असा हा आचार. आलोचना ही त्याचीच सोबतीण; तीत आपला दोष गुरूपुढे स्वमुखाने उघडा करावयाचा असतो. आणि याच बडोद्यात १८७५ साली एका राजाचे भवितव्य काही नोकरांच्या कबुलीजबाबांवर तोलले गेले. दोन्ही ठिकाणी माणूस 'मी हे केले' असेच म्हणतो. परंतु एका ठिकाणी ते म्हणणारा हलका होऊन उठतो, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच शब्दांनी कोणाच्या तरी पायांत बेडी पडते. धर्मातील कबुली आणि कायद्यातील कबुली यांचे एकमेकींशी नाते काय, याचा विचार आज आम्हांस वाचकांबरोबर करावयाचा आहे.

या विषयावर बोलताना आपण बहुधा बोलणाऱ्याचाच विचार करतो. त्याने खरे सांगितले काय, मनापासून सांगितले काय, त्यास पश्चात्ताप झाला काय, हे आपण विचारतो. हे प्रश्न योग्यच आहेत. तथापि आम्हांस असे वाटते की, त्यांच्या आधी आणखी एक प्रश्न यावयास हवा : ती कबुली ऐकणारा कोण आहे, आणि ती ऐकण्याचा त्यास अधिकार काय?

जैन शास्त्रकारांनी हा प्रश्न फार बारकाईने हाताळला आहे. स्थानांगसूत्रात आलोचना ऐकण्यास योग्य अशा आचार्याचे गुण मोजून सांगितले आहेत. तो स्वतः आचारसंपन्न असावा, सांगणाऱ्याची लाज दूर करणारा असावा, दिलेले प्रायश्चित्त त्याच्याकडून निभावून घेणारा असावा, आणि अपरिस्रावी असावा. हा शेवटचा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. ज्या घड्यातून पाणी झिरपत नाही त्या घड्यासारखा, म्हणजे एकाचा दोष दुसऱ्याच्या कानी न घालणारा, असा त्याचा भाव. त्याच परंपरेत आलोचनेचे दोषही सांगितले आहेत. सौम्य प्रायश्चित्त मिळावे म्हणून आधी गुरूस प्रसन्न करून घेणे हा दोष. दुसऱ्याने जे पाहिले तेवढेच सांगणे हा दोष. कोणास नीट ऐकू येऊ नये म्हणून गोंगाटात सांगून मोकळे होणे हाही दोष. माणसाचे मन किती पळवाटा शोधते, हे त्या आचार्यांनी पुरते ओळखले होते.

आपल्या धर्मशास्त्राची दृष्टीही यापासून दूर नाही. मनूने पापक्षालनाच्या उपायांत तप, अध्ययन व दान यांच्याबरोबर ख्यापन आणि अनुताप यांना स्थान दिले आहे. ख्यापन म्हणजे आपले पाप सांगून टाकणे. जो जो मनुष्य आपले दुष्कृत्य स्वतः सांगतो, तो तो कात टाकणाऱ्या सापासारखा त्यातून सुटतो, असा त्याचा आशय आहे. हे सांगावयाचे ते विद्वानांच्या परिषदेपुढे. परंतु त्या परिषदेवरही जबाबदारी आहे. धर्मशास्त्र न जाणता जे प्रायश्चित्त सांगतात त्यांच्या माथी ते पाप येते, असे पराशराने बजावले आहे. शिवाय जे पाप लोकांत प्रकट झालेले नाही त्यासाठी शास्त्रकारांनी रहस्यप्रायश्चित्त वेगळे ठेवले. ते कोणासही न सांगता एकान्तात करावयाचे असते. म्हणजे आपल्या शास्त्राने कबुलीची महती गायिली, परंतु ती ओढून काढण्याचा हक्क कोणाला दिला नाही.

देवळाच्या अंगणात वाढलेल्या आम्हां कोंकणी-मराठी लोकांस याचे एक नित्याचे रूप परिचित आहे. देवापुढे उभे राहून घातलेले गाऱ्हाणे, ज्यास कोंकणीत गाराणें म्हणतात, त्यात सर्व गावाच्या वतीने कळत-नकळत घडलेल्या चुकांची क्षमा मागितली जाते. श्रावणीच्या दिवशी, आमच्या सुतांपुनवेस, जानवे बदलण्यापूर्वी वर्षभराच्या दोषांसाठी प्रायश्चित्ताचा संकल्प सोडला जातो. पूजेच्या शेवटी क्षमाप्रार्थना होते. या सर्वांत ऐकणारा देव आहे. त्यास आपल्या पापाचे ज्ञान आधीच आहे, आपल्या कबुलीतून त्यास काही मिळवावयाचे नाही, आणि तो ती कोणास सांगत नाही. यापेक्षा योग्य श्रोता कोठे मिळणार? उणीव असलीच तर ती आमच्याकडे आहे. सर्वांनी मिळून 'चुकले माकले' म्हणताना माझे म्हणून काय चुकले, हे आम्ही पुष्कळदा गुलदस्तातच ठेवतो. वर सांगितलेला गोंगाटात बोलण्याचा दोष तो हाच.

आता कायद्याकडे वळू. न्यायालयात कबुली हा पुरावा असतो. तेथे ऐकणारा ती विसरत नाही, पोटात ठेवीत नाही, तिच्या आधारे शिक्षा देतो. म्हणूनच शहाणा कायदा कबुलीकडे संशयाने पाहतो. १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्याने असे ठरविले की, आमिष, धमकी किंवा अभिवचन यांनी मिळविलेली कबुली ग्राह्य नाही. आणि पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. हा कायदा परक्या सरकारने केला, आणि आपल्याच पोलिसांवर त्याने एवढा अविश्वास दाखविला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्यास कबुली हवीच आहे तो ती ऐकण्यास अपात्र होय, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते.

त्यानंतर तीनच वर्षांनी बडोद्यात या तत्त्वाची कसोटी लागली. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांनी फिरून आल्यावर नेहमीप्रमाणे सरबत तोंडास लावले. चव विपरीत लागली, उरलेले फेकून दिले, आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचा निर्वाळा मिळाला. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर चौकशीस आले. रेसिडेन्सीतील हवालदार रावजी याने क्षमेचे वचन मिळाल्यावर कबुली दिली. जमादार नरसू यानेही कबुली दिली. पुढे पहाऱ्यात असतानाच तो विहिरीत पडला व त्यास जिवंत बाहेर काढण्यात आले. महाराज मल्हारराव गायकवाड यांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांनाही अटकेत ठेवल्यानंतर क्षमेचे वचन मिळाले, आणि त्यांनीही निवेदन दिले. या सर्व कबुल्यांचे बोट मल्हाररावांकडे होते.

फेब्रुवारी १८७५ मध्ये सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी सुरू झाली. अध्यक्ष बंगालचे मुख्य न्यायमूर्ती सर रिचर्ड काऊच. त्यांच्यासह तीन इंग्रज, आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग व सर दिनकरराव राजवाडे असे तीन भारतीय. महाराजांचा बचाव करण्यास विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आले होते. शेवटी तिघां इंग्रजांनी महाराजांस दोषी मानले. तिघां भारतीयांस आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. मग सरकारने विषप्रयोगाचा निकाल बाजूस ठेवून गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिलमध्ये मल्हाररावांस पदच्युत केले. १८८२ साली मद्रासेस त्यांचा अंत झाला. त्यांच्या जागी कवळाण्याचा एक मुलगा दत्तक आला व सयाजीराव झाला, हा पुढचा उज्ज्वल इतिहास सर्वांस ठाऊक आहे.

मल्हाररावांच्या कारभाराची तरफदारी करण्याचा आमचा हेतू नाही. त्याविषयी प्रजेच्या तक्रारी पुष्कळ होत्या. आमचा प्रश्न कबुलीचा आहे. रावजी आणि दामोदरपंत यांनी जे सांगितले ते खरे असेल किंवा खोटे असेल. परंतु ते ज्यांनी ऐकले त्यांनी त्याची किंमत आधी ठरवून दिली होती. 'सांग, म्हणजे सुटशील' असे म्हणून मिळविलेल्या शब्दांत सत्य किती आणि सुटकेची ओढ किती, हे वेगळे करून दाखविणारी चाळणी कोणाजवळ असते? शिवाय धर्मातील कबुलीत माणूस स्वतःकडे बोट दाखवितो. माफीचा साक्षीदार 'मी केले' असे म्हणतो खरे, परंतु त्याच्या म्हणण्याचा सारा भार 'त्याने करविले' यावर असतो. ज्यास आपण कबुली म्हणतो ती तेथे पुष्कळ अंशी आरोप असते. म्हणूनच साथीदाराच्या साक्षीस स्वतंत्र दुजोरा असल्यावाचून सहसा विश्वास ठेवू नये, असा न्यायालयांचा दंडक आहे.

कायद्याने धर्माचा पेहराव केला तर काय होते हे बडोद्यात थोडेसे दिसले. धर्माने कायद्याची शस्त्रे हाती घेतली तर काय होते, हे गोव्याने अडीचशे वर्षे सोसले. इन्क्विझिशन हे धर्मपरीक्षणाचे न्यायासन गोव्यात १५६० साली स्थापन झाले आणि १७७४ ते १७७८ हा थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत चालले. मंगेश प्रियोळास व शांतादुर्गा कवळ्यास का आली, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. या न्यायासनाचा मुख्य रोख बाप्तिस्मा झालेल्यांवर, जुने आचार गुपचूप पाळणाऱ्या नवख्रिस्त्यांवर होता. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहून हा इतिहास पुढे आणला. शार्ल देलाँ नावाचा फ्रेंच वैद्य १६७४ पासून १६७६ पर्यंत त्या कोठडीत होता. सुटल्यावर त्याने लिहिलेले वृत्त १६८७ साली प्रसिद्ध झाले. कैद्यास आरोप काय हे सांगावयाचे नाही, आरोप कोणी केला हेही सांगावयाचे नाही, आणि 'आपले पाप आठवून कबूल कर' असे मात्र वारंवार म्हणावयाचे, अशी ती रीत होती. निराशेने त्याने आत्महत्येचाही प्रयत्न केला.

येथे एक विवेक राखावयास हवा. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचा पापनिवेदनाचा संस्कार ही निराळी गोष्ट आहे. तेथे ऐकणाऱ्या पाद्रीवर मौनाचे अत्यंत कडक बंधन आहे; ऐकलेले कोणत्याही कारणाने तो उघड करू शकत नाही. तोही अपरिस्रावी असावा लागतो. इन्क्विझिशनच्या दालनात मात्र ऐकणारा, आरोप ठेवणारा, कोठडीत डांबणारा आणि मालमत्ता जप्त करणारा एकच होता. क्षमेची भाषा आणि दंडाची सत्ता एकाच मुठीत आली की कबुली हे भयाचे दुसरे नाव होते.

परक्यांचे दोष सांगताना आपल्या घरातील गोष्ट लपवून चालणार नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली असता तेथे चहा घेतला गेला. गोपाळराव जोशी यांनी त्यांची नावे छापली आणि गदारोळ उठला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, बहिष्काराचा धाक उभा राहिला. लोकमान्य टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. सहकाऱ्यांचा कोंडमारा संपावा म्हणून त्यांनी ते केले, तरी सुधारकांनी त्यांस बोल लावलाच. चहा पिण्यात पाप आहे असे रानड्यांस वाटत होते, असे कोण म्हणेल? मनूने ख्यापनाच्या शेजारी अनुताप ठेवला होता. येथे अनुतापाचा पत्ताच नव्हता. ऐकणारी परिषद विद्वानांची असली तरी तिच्यामागे जमाव उभा होता, आणि जमावास प्रायश्चित्त हवे होते ते पाप जावे म्हणून नव्हे, तर मान तुकविलेली दिसावी म्हणून.

या तिन्ही उदाहरणांत देश, काळ, धर्म भिन्न. परंतु दोष एकच आहे. कबुली ऐकणाऱ्याचा तिच्यात स्वार्थ होता. एकास खटला उभा करावयाचा होता, दुसऱ्यास सत्ता गाजवावयाची होती, तिसऱ्यास आपला वरचष्मा दाखवावयाचा होता.

आजचा कायदा या बाबतीत काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे, आणि त्याने ते मूळ तत्त्व कायम ठेवले आहे. आमिष व धमकीच्या जोडीस जबरदस्तीचाही उल्लेख केला आहे. कबुली नोंदविणाऱ्या दंडाधिकाऱ्याने आरोपीस आधी सांगावयाचे असते की, तू कबुली देण्यास बांधलेला नाहीस, आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. आरोपी नको म्हणाला तर त्यास पुन्हा पोलिसांच्या कोठडीत धाडण्याचा हुकूम देता येत नाही. योग्य श्रोत्याचे हे लक्षण सांगणारे कलम वाचताना आम्हांस स्थानांगसूत्राची आठवण होते. मात्र अपवादही आहेत. महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, आणि २०१९ च्या डिसेंबरात अमलात आलेल्या गुजरातच्या तशाच कायद्यात, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली ग्राह्य धरता येते. भयंकर गुन्हेगारांपुढे साक्षीदार टिकत नाहीत, हे त्याचे कारण सांगितले जाते, आणि ते अगदीच पोकळ नाही. तरीही आम्हांस असे म्हणावेसे वाटते की, गुन्हा जितका भयंकर तितकी कबुलीची ओढ अधिक, आणि ओढ जितकी अधिक तितका श्रोता अपात्र. ज्या ठिकाणी खबरदारी सर्वांत जास्त हवी त्याच ठिकाणी ती सैल करणे, हे धोक्याचे आहे.

हा विचार केवळ न्यायाधीशांचा आणि वकिलांचा नाही. 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' अशी ओळ वर्तमानपत्रात वाचली की आपण पान उलटतो. आपल्या मनातील खटला तेथेच संपतो. ती कबुली कोठे दिली, कोणापुढे दिली, हे आपण विचारीत नाही. घरबसल्या आपणही एक अपात्र श्रोते होऊन बसतो.

आणि देवळाच्या संस्थांतही हा प्रसंग येतो. समजा, कोठीतले तेल कमी भरले किंवा फंडपेटीतील पैशाचा मेळ बसेना. संशय एखाद्या गरीब नोकरावर जातो. मग विश्वस्त जमतात, त्यास देवापुढे उभे करतात, नारळावर हात ठेवावयास सांगतात, 'कबूल कर, आम्ही संभाळून घेऊ' म्हणतात. यात धर्माचे काही आहे असे आपणांस वाटते. वस्तुतः ज्याचा माल गेला तोच येथे फिर्यादी, तोच न्यायाधीश, आणि क्षमा करणाराही तोच. देवाचा धाक, नोकरीचा धाक आणि क्षमेचे आमिष अशी तिन्ही साधने एकवटून मिळविलेली कबुली कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. आणि आमची नम्र समजूत अशी आहे की, ती देवापुढेही टिकणार नाही.

अशा प्रसंगी काय करावे, हे महाभारताने शांतिपर्वात दाखवून ठेवले आहे. शंख आणि लिखित हे दोघे भाऊ. लिखित भावाच्या आश्रमात गेला. भाऊ घरी नव्हता. त्याने झाडाची पिकलेली फळे न विचारता तोडून खाल्ली. शंख परत आल्यावर त्याने ते पाहिले आणि म्हणाला, ही चोरी झाली. राजाकडे जा आणि आपले कर्म सांगून दंड माग. लिखित सुद्युम्न राजाकडे गेला. राजा क्षमा करावयास तयार होता. दंडाचा अधिकार ज्यास आहे त्यास क्षमेचाही आहे, असे तो म्हणाला. परंतु लिखिताने दंडच मागितला. त्याचे हात तोडले गेले. पुढे भावाच्या सांगण्यावरून बाहुदा नदीत त्याने तर्पण केले आणि हात पुन्हा फुटले. तेव्हा लिखिताने विचारले, तुझ्या तपाचे एवढे सामर्थ्य होते तर तूच मला आधी शुद्ध का केले नाहीस? शंखाने उत्तर दिले की, दंड देण्याचा अधिकार माझा नव्हे, तो राजाचा.

हात तोडण्याची शिक्षा आज कोणी मान्य करणार नाही, करूही नये. कथेचे मर्म शंखाच्या वागण्यात आहे. फळे त्याची होती, अपराधी त्याचा धाकटा भाऊ होता, आणि शुद्ध करण्याचे सामर्थ्यही त्याच्याजवळ होते. कबुली ऐकून घेऊन क्षमा करणे त्यास किती सोपे होते! परंतु ज्याचे नुकसान झाले त्याने न्यायाधीश होऊ नये, हे त्याने जाणले. दंडाचे काम संपल्यावर मात्र तो भाऊ म्हणून पुढे आला आणि त्यास नदीवर पाठविले. कायद्याचे ते कायद्याकडे आणि धर्माचे ते धर्माकडे, आपापल्या वेळी.

तेव्हा पुढच्या खेपेस कोठीतले तेल कमी भरले तर विश्वस्तांनी आधी हिशेब त्रयस्थाकडून तपासून घ्यावा, संशय उरलाच तर रीतसर चौकशी करावी, आणि त्या नोकरास आपली बाजू मांडण्यास सोबत एक माणूस द्यावा. नारळ देवापुढेच राहू द्यावा. त्या मनुष्याने खरोखर काही केले असेल आणि त्यास ते सांगावयाचे असेल, तर दिवेलागणीनंतर देऊळ रिकामे झाल्यावर त्यास देवाजवळ जाता येईल. तेथे त्याचे बोलणे ऐकण्याचा अधिकार ज्याचा आहे, तो ते ऐकेल.